पाच चुका, पाचही सारख्या

१६ जून, सोमवार

चंद्रपूरहून पाकीट आलं. जाड होतं, म्हणून वाटलं प्रमाणपत्रच. हात धुतले, पदराला पुसले, यांना समोर बसवलं आणि मग फोडलं.

प्रमाणपत्र नाही. पत्र. इथे उतरवून ठेवते, म्हणजे सारखं पाकीट काढावं लागणार नाही. "मिळालेल्या माहितीनुसार, ड्रोन पायलट परीक्षेत आपण व श्रीमती शबाना (वरोरा) यांच्या उत्तरपत्रिकांत संशयास्पद साम्य आढळले आहे. उड्डाणपूर्व तपासणीचा क्रम या भागातील पाच प्रश्नांची चुकीची उत्तरे दोघींची तंतोतंत सारखी आहेत. परीक्षेच्या वेळी आपण ओठ हलवत व बोटांनी खुणा करत असल्याची नोंद आहे. सबब दोघींची प्रमाणपत्रे रोखून ठेवण्यात येत असून पंधरा दिवसांत लेखी खुलासा सादर करावा."

हे म्हणाले, "म्हंजे काय झालं?"

"कॉपी केली असं म्हणून राह्यले."

"केली का?"

दिवसभर यांच्याशी बोलले नाही. अठरा वर्षं संसार केला, आणि विचारतात काय, तर केली का.

१७ जून, मंगळवार

सकाळपासून एकच शब्द डोक्यात. "मिळालेल्या." माहिती काय झाडावरून पडते? कोणीतरी दिली म्हणून मिळाली. कोणी दिली?

ट्रेनिंगची पुस्तिका काढून बघितली. चुका माझ्याच आहेत, ते नाकारत नाही. पुस्तिकेत पहिलं काम नकाशा. आपलं शेत हिरव्या भागात येतं की लाल, म्हणजे तिथे ड्रोन उडवता येतो की नाही, ते बघायचं. मग शेत, मग वारा, मग पंखे, मग बॅटरी. मी लिहिलं पहिलं शेत, दुसरा वारा, तिसरे पंखे, चौथी बॅटरी, आणि नकाशा सगळ्यात शेवटी. एक वस्तू जागेवरून हलली आणि पाचही उत्तरं सरकली.

का हलली तेही ठाऊक आहे. माझं गाणं.

मला वाचून पाठ होत नाही, गाऊन होतं. शाळेत पाढेसुद्धा आईच्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, गाण्यांच्या चालीवर म्हणायची. चंद्रपूरला सहा दिवसांत तेवढं सगळं डोक्यात कसं बसणार? तिसऱ्याच दिवशी तपासणीचं गाणं बांधलं. आणि रोवण्याच्या गाण्यात पहिली ओळ शेताची असते. आधी शेत, मग देव, मग माहेर, मग कोणाची चेष्टा करायची ती. धानाच्या बांधीत उतरून आधी दुसऱ्या कशाचं नाव घ्यायला जीभच वळत नाही. म्हणून माझं गाणं असं झालं:

पहिला पाय बांधावर, पाहू शेत चहूकडं बाई
दुसऱ्यानं पाहू वारा, धूळ सोडून चिमटीची बाई
तिसऱ्यानं पाहू पंखे, चीर नाई ना कुठी बाई
चौथ्यानं पाहू बॅटरी, भरली का गच्च बाई
पाचव्यानं पाहू नकाशा, हिरवा का लाल बाई

परीक्षेत हेच मनात म्हणत होते. ओठ हलले असतील. बोटं बाकावर वाजली असतील. तो माझा गुन्हा असेल तर आहे. पण शबानाची पाच उत्तरं माझ्यासारखी कशी आली?

ती माझ्या मागच्या बाकावर होती. जरा उजवीकडे. डोळे मिटून ती खोली पुन्हा मांडून पाहिली. तिथून माझा पेपर दिसतो.

१८ जून, बुधवार

चक्कीवर दळण घेऊन गेले तर बोलणं थांबलं. पंधरा दिवसांपूर्वी ह्याच बायका "पायलट बाई, ढगातून आमच्या घरचं दिसते का व?" म्हणून हसत होत्या. मला ती चेष्टा आवडायची. आज कोणी चेष्टाही केली नाही.

बचत गटाला मिळालेला ड्रोन आमच्या छपरीत पेटीत बंद. पेटीवर कोंबडी बसते, तिला हाकलते, पुन्हा बसते. गटाच्या अकरा जणींतून मला निवडलं कारण बारावी पास मी एकटी. लग्नानंतर दिलेली ही पहिली परीक्षा. पास झाल्याचं कळलं तेव्हा मी गुपचूप कोठीच्या खोलीत जाऊन नाचले होते, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तालुक्याच्या मॅडमचा निरोप आहे की धानाची फवारणी सुरू होईस्तोवर गटाकडे पायलट नसेल तर ड्रोन दुसऱ्या गटाला जाईल. हातातोंडाशी आलेला घास.

संध्याकाळी मंदा आली. माझी धाकटी जाऊ. चूल वेगळी, अंगण एकच. पेटीकडे पाहत म्हणाली, "बाई, तुमचं नाई झालं त मंग दुसरीले पाठवतीन का?"

यादीत दुसरं नाव तिचंच आहे.

१९ जून, गुरुवार

ढोके सरांना फोन लावला. त्यांनीच आम्हाला शिकवलं. उडवायच्या परीक्षेत "या बाईचा हात पक्का हाये" असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. आज आवाज बारीक.

म्हणाले, "हे पाहा रेखाबाई, दोघींचं अडकून राह्यलं. एकीनं लिहून दिलं त दुसरीचं तरी सुटते. तुम्ही समोर होत्या, ते मागं होती. समोरचा मागच्याचं कसं पाहीन? समजून घ्या."

"म्हंजे तिनं माह्यावालं पाहिलं, असं लिहू?"

"मी काही म्हटलं नाई. तुम्ही शहाण्या आहा."

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. मग वाटलं, सरांना इतकी घाई का? दोघी चोर ठरल्या तर शिकवणाऱ्याचं नाव खराब. एकच चोर ठरली तर शिकवणं चांगलं, शिकणारी वाईट. असं तर नाही? इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

२१ जून, शनिवार

शबानाला फोन. ट्रेनिंगला सहा दिवस आम्ही एका खोलीत होतो. वरोऱ्याच्या गादीवाल्यांच्या घरची, सासर-माहेर एकाच गल्लीत. तिकडच्या शेतकऱ्यांच्या गटानं तिला कापूस-सोयाबीनच्या फवारणीसाठी पाठवलेलं. मला रोज ताई ताई करायची. तिच्या डब्यातला खिमा मी खाल्ला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी खास माझ्यासाठी आलू मागवले होते. अशी ती.

सरळ विचारलं. "माह्यावाला पेपर पाहिला का तू?"

"कसम से नाई ताई. मी कायले पाहू?"

"मंग पाचही कसे सारखे?"

मागे शिलाई मशीन चालल्याचा आवाज. मग म्हणाली, "ताई, घरी सगळे हायेत. मंग लावतो."

लावला नाही. ज्याचं काही लपवायचं नाही तो "घरी सगळे हायेत" म्हणतो का?

२३ जून, सोमवार

मंदा शनिवारी कुरखेड्याला गेली होती. कशाला गेली ते सांगितलं नाही. आज तिच्या पिशवीतून कागदाचं टोक दिसलं, पिवळट, सरकारी असतात तसा. मी अंगण झाडत होते, झाडता झाडता जवळ गेले. तिनं पिशवी उचलून आत नेली.

मी परीक्षेहून आले तेव्हा हिच्यापाशीच बसून सगळं सांगितलं होतं. गाणं म्हणत पेपर लिहिला, बोटं वाजवली, सगळं. ओठ आणि बोटं. पत्रात तेच दोन शब्द. ही माहिती माझ्याशिवाय फक्त मंदाकडे होती.

आणि त्या खोलीत बसलेल्या तीस जणांकडे, हे मागाहून सुचलं. पण तीस जणांना काय फायदा?

२४ जून, मंगळवार

बोलायचं नव्हतं, बोलले. मंदा विहिरीवर होती.

"चंद्रपूरले कागद तूच पाठवला न?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. बादली खाली ठेवली. "बाई, माह्या तोंडाकडे पाहून पुन्हा म्हणा."

मी म्हटलं. म्हणायला नको होतं असं त्याच क्षणी वाटलं, पण आता मागे कोण फिरणार?

"तुमच्यावाल्या जागी जायाची एवढी हौस असती त पयल्या नंबरावरून नाव माघारी नसतं घेतलं," म्हणाली आणि भरलेली बादली तिथेच सोडून गेली.

तिनं नाव माघारी घेतलं होतं? माझ्यासाठी? मला कोणी सांगितलं नाही. की आता रचून सांगते आहे?

२६ जून, गुरुवार

मंदा अंगणात आली की मी आत जाते, मी आले की ती आत जाते. हे म्हणाले, "दोघींनी पाळीपाळीनं आत जा, अंगण रिकामं राहून राह्यलं." हसू आलं नाही.

आज खुलासा लिहायला बसले. सर म्हणाले तसा. "मी पुढील बाकावर होते. माझ्या मागे बसलेल्या परीक्षार्थीने माझी उत्तरे पाहिली असण्याची शक्यता आहे." शक्यता. पत्र लिहिणाऱ्यांकडूनच शिकले हे. शक्यता लिहिली की खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. अक्षर चांगलं आलं. घडी करून पाकिटात घातला.

पण पोस्टात टाकला नाही. आधी तिच्या तोंडून ऐकायचं आहे. पाहिलं म्हण, मग टाकते. यांना सांगितलं, शनिवारी वरोऱ्याला जाते.

"भांडाले?"

"पाहाले."

२९ जून, रविवार

काल दिवस कसा गेला ते आज सावकाश लिहिते.

कुरखेड्याहून वडसा, तिथून नागभीड, मग चिमूर करत वरोरा. तीन गाड्या. पाकीट पिशवीत, पिशवी मांडीवर. वाटेत सगळी वाक्यं तयार केली होती. ती असं म्हणाली तर मी असं म्हणणार. ती रडली तर मी पाघळणार नाही.

गल्ली सापडायला वेळ लागला नाही. गादीवाल्यांचं घर विचारलं, एका माणसानं कापसाचे तंतू उडताना दाखवले, "ते काय, तिकडे." दार उघडं. आत शबानाची अम्मी जमिनीवर बसून रजईला टाके घालत होती. मोठी सुई, जाड दोरा. माझ्याकडे पाठ. टाका घालत गुणगुणत होती.

"पहिला पाय बांधावर, पाहू शेत चहूकडं बाई..."

मी उंबऱ्यावरच थांबले. चाल माझ्या आईची. शब्द माझे. अम्मी "चहूकडं" ला "चौकडं" म्हणत होती, तेवढाच फरक. तिसऱ्या ओळीला टाका, चौथीला टाका, आणि शेवटी नकाशा. बरोबर माझ्या चुकीसकट.

शबाना आतून पाणी घेऊन आली, मला पाहून तांब्या हातातच राहिला.

मी म्हटलं, "हे कुठून आलं?"

ती रडली. मी पाघळले नाही, बसले फक्त. मग तिनं सांगितलं. होस्टेलच्या मागे मी कपडे धुताना गाणं म्हणायची, तेव्हा तिनं खिडकीतून फोनवर रेकॉर्ड केलं. तिलाही वाचून राहत नाही लक्षात, ऐकून राहतं. रोज कानात घालून झोपायची. परीक्षेत तीसुद्धा मनात तेच म्हणत होती.

"तुमाले विचारलं नाई न ताई. चोरीच झाली ते. सांगतलं असतं त तुम्ही म्हणाल्या असत्या, माह्यावालं गाणं चोरलं. आन् त्यायले सांगतलं त ते म्हणतीन, हेच त कॉपी. म्हून गप्प राह्यलो."

म्हणजे तिनं माझा पेपर पाहिलाच नव्हता. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, त्याची ही शिक्षा. पुस्तिका वाचली असती तर सुटली असती.

मग म्हणाली, "ढोके सरचा फोन आलता. म्हणे, ताई समोरून इशारे करून राह्यल्या होत्या असं लिहून दे, तुह्यं सुटते."

मला काय, तिला काय. दोघींना एकच दोरी, दोन्ही टोकांनी. मी विचारलं, "मंग? लिहिलं?"

"कसं लिहू? तुम्ही इशारे केलेच नाई."

पिशवीतल्या पाकिटाची मला इतकी लाज वाटली की पिशवी मागे सरकवून ठेवली. अम्मीनं शेवया केल्या. दोनदा वाढल्या. मी तिच्या घरी चोर पकडायला आले होते आणि शेवया खाऊन निघाले. पाकिटाचं तिला सांगितलं नाही. आज सकाळी चुलीत घातलं.

३० जून, सोमवार

नवा खुलासा. दोन ओळींत संपतो. गाणं माझं, चूक माझी. श्रीमती शबाना यांनी ते ऐकून पाठ केलं, कोणी कोणाचा पेपर पाहिला नाही. खाली पूर्ण गाणं लिहिलं.

यांनी वाचलं. "गाण्याचं लिहू नको. ओठ हालवत होतो हे तूच कबूल करून राह्यली. मंग उरलं काय?"

बरोबर आहे त्यांचं. उद्या शेवटचा दिवस. आज कुरखेड्याला जाऊन रजिस्टर केलं, पावती इथेच चिकटवते. पोस्टातल्या बाईनं वजन करताना विचारलं, "मंदाबाईच्या घरचे न तुम्ही? त्याहीनं मागल्याच्या मागल्या शनिवारी मायच्या पेन्शनीचा कागद नेला."

पिवळट कागद. आईच्या पेन्शनीचा.

तरी "मिळालेल्या माहितीनुसार" उरतंच. मंदा नाही तर कोण? सर? पण सरांना काय मिळणार? परत येताना बसमध्ये ओळखीच्या एकेका तोंडाकडे पाहत होते. मला हा रोगच जडलाय. लहानपणापासून आहे, पण इतका नव्हता.

मंदाशी बोलायला गेले. दाराला कडी होती.

५ जुलै, शनिवार

पत्र. ११ तारखेला चंद्रपूरला दोघींनी हजर व्हावं, समक्ष ऐकून घेणार.

शबानाशी बोलले. ती म्हणाली, जे हाये ते सांगू. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मनात पाल चुकचुकली. तिनं एक वाक्य बोललं की तिची सुटका आहे. "ताईंनी चुकीचं गाणं शिकवलं." तेही खोटं नाही. लहान पोर आहे तिला, घरात कमावणारे थोडे. मी तिच्या जागी असते तर? मी तर पाकीटच केलं होतं तयार.

११ जुलै, शुक्रवार

चंद्रपूर. कार्यालयाचं आवार, कडुनिंब, बाकडं. शबाना आधीच आलेली. नवी ओढणी. मला डबा दिला, आलूचा.

आत बोलवायच्या आधी तिला फोन आला. स्क्रीनवर नाव दिसलं, ढोके सर. ती उठून कडुनिंबाखाली गेली. पाठ माझ्याकडे. खूप वेळ नुसतं ऐकत होती. मान हलवत होती, होकारार्थी. मी डबा मांडीवर धरून बसलेली.

परत आली. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं.

आधी मी. टेबलामागे एक मॅडम, दोन साहेब, कोपऱ्यात कारकून. माझा खुलासा समोर. मॅडमनी चष्मा वर केला. "हे गाणं तुम्ही रचलं?"

"हो मॅडम."

"म्हणून दाखवा."

तिथे, फायलींसमोर, खुर्चीवर बसून. बोटं आपोआप टेबलावर वाजली आणि सुरू झालं. मॅडम एकेका ओळीला माझ्या उत्तरपत्रिकेवर पेनानं खूण करत होत्या. पाच ओळी, पाच खुणा. एक साहेब म्हणाले, "पण पहिलं शेत का? नकाशा का नाही?"

मी सांगितलं, आमच्याकडे पहिली ओळ शेताची असते. साहेबांना समजलं नाही. मॅडमना समजलं असावं, त्या हसल्या नाहीत.

उठता उठता विचारलंच. "माहिती कोणी दिली, एवढं सांगान का?"

"कसली माहिती?"

"पत्रात हाये न. मिळालेल्या माहितीनुसार."

मॅडमनी कारकुनाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ते सगळ्याच पत्रांत असते. नमुना आहे तो. नाव बदलून काढतो आपण."

नमुना. कोणी दिलीच नव्हती माहिती. पर्यवेक्षकानं ओठ पाहिले, मशीननं उत्तरं जुळवली, बस. आणि मी मंदाला विहिरीवर उभं करून...

बाहेर आले. शबाना आत गेली. दार लोटलं, पण खिटी लागली नाही. मी बाकड्यावर बसले नाही. दाराशी उभी राहिले, चोरून ऐकायची लाज वाटली नाही.

मॅडमचा आवाज, "तुम्हाला हे गाणं येतं?"

खुर्ची करकरली. तिनं "नाई" म्हटलं असतं तर तिला काही होणार नव्हतं. माझं मात्र सगळं खोटं ठरलं असतं.

मग आलं. बारीक. "पहिला पाय बांधावर, पाहू शेत चहूकडं बाई." अम्मीसारखं चौकडं नाही. चहूकडं. माझ्यासारखं.

मी पदर तोंडात धरला. शिपाई म्हणाला, "बाई, पाणी देऊ का?"

शेवटी दोघींना एकत्र बोलावलं. मॅडम म्हणाल्या, नक्कल की पाठांतर, हे ठरवायला आमच्याकडे नियमच नाही. वर विचारावं लागेल. फोननं कळवू.

एसटी स्टँडवर डबा उघडला, दोघींनी खाल्ला. तेव्हा तिनं सांगितलं, सर म्हणत होते, गाणं माहीत नाही म्हणून सांग. "मान कायले हालवून राह्यली होती मंग?"

"त्यायचा फोन लवकर संपाव म्हून."

मी पाकिटाचं तिला सांगितलं. सगळं. तिनं आलू चावत ऐकलं. मग म्हणाली, "टाकलं त नाई न?" आणि पाण्याची बाटली पुढे केली.

१२ जुलै, शनिवार

मंदाच्या दाराशी गेले. ती तांदूळ निवडत होती. उभ्या उभ्या म्हटलं, "माह्यं चुकलं." नमुन्याचं सांगितलं. ऐकून तिनं हसावं की रडावं असं तोंड केलं.

"एका छापील कागदापायी तुम्ही माह्यासंग अठरा दिवस नाई बोलल्या?"

दिवस तिनं मोजले होते.

नाव माघारी घेतल्याचं खरं होतं. "तुमाले शिकाची आवड. मले काय, मी कुठीबी जातो," एवढंच म्हणाली. सूप अर्धं माझ्याकडे सरकवलं. दोघींनी निवडले. पूर्ण माफ केलं असं नाही. निवडताना एकदाही वर पाहिलं नाही.

१९ जुलै, शनिवार

फोन नाही. तालुक्याच्या मॅडमनी विचारलं, पेटी कधी न्यायला येऊ? म्हटलं, थांबा थोडं. किती थोडं, त्या म्हणाल्या.

शबानाचा रोज एक मेसेज. "आला का?" माझा रोज एक. "नाई."

२४ जुलै, गुरुवार

आज आमच्या बांधीत रोवणा. गटाच्या सगळ्या जणी आल्या. गेले आठ दिवस मी गाणं नव्यानं बांधत होते, नकाशा पहिला घालून. पुन्हा परीक्षा द्यावी लागली तर असावं. रोप हातात घेऊन सुरू केलं, "पयल्यानं पाहू नकाशा..." कोणी उचललं नाही. म्हाताऱ्या सखूबाई वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, "नकाशा कायले वं पयले? शेतात उभी हायेस न?" आणि जुनंच सुरू केलं. सगळ्यांना येत होतं. कधी शिकल्या कोण जाणे. मंदाचा आवाज सगळ्यात वर.

मी पण तेच म्हटलं. काय करणार?

फोन डब्याच्या पिशवीत, बांधावर. काम आटोपून सहानंतर वर आलो तेव्हा पाहिला. चंद्रपूरचा नंबर. दोन मिस कॉल, चार दहाला आणि चार पंचवीसला. परत लावला. नुसता वाजतो. कार्यालय बंद झालं असेल.

मंदा सव्वाचारच्या सुमारास पाणी प्यायला बांधावर गेली होती. पिशवीच्या अगदी जवळ. फोन वाजलेला ऐकला असणार. मग हाक का नाही मारली? प्रश्न जिभेच्या टोकावर. ती ओढ्यावर हात धूत होती, कोपरापर्यंत चिखल. विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा गिळला असेल असा प्रश्न.

तेवढ्यात शबानाचा मेसेज. "ताई फोन आला का? मले नाई आला."

मला आला, तिला नाही. का? सुटलेलीला कळवतात की अडकलेलीला? सरांचं वाक्य कानात वाजायला लागलं, एकीचं तरी सुटते. बांधावर बसून "नाई आला" लिहिलं. ती उगाच रात्रभर जिवाला घोर लावून घेईल, म्हणून. खरं म्हणजे मलाच एकटीला आधी कळायला हवं होतं, म्हणून. पुसलं.

लिहिलं, "आला होता. दोनदा. मी रोवण्यात होतो. उद्या दहाले लावतो, तूबी लाइनवर राह्य. जे हाये ते दोघी संगच ऐकू."

तिचं उत्तर लगेच. "मी साडेनऊपासूनच बसतो ताई."

घरापाशी रेंजचा भरवसा नाही, टेकडीवर जावं लागेल. मंदाला म्हटलं, सकाळी तूबी चल. तिनं विचारलं नाही कशाला. डबा करू का, एवढंच विचारलं.